कोइंबतूरचा ट्रॅक डे आणि रोजचं हिंजवडी: एकच टायरजोडी चालेल का?

तिसरा_गिअर

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसता वाचतोय, आज अडलं म्हणून धागा काढला.

गाडी केटीएम आरसी ३९०, आधीच्या पिढीतली. आठवडाभर हिंजवडीचं ट्रॅफिक, रविवारी पहाटे ताम्हिणी नाहीतर वरंधा. मागचा टायर मधोमध गोटा झालाय, टीडब्ल्यूआयच्या (झीज दाखवणाऱ्या) उंचवट्याला टेकला. दोन्ही कडांना मात्र बोटभर पट्टा कोरा आहे (वळणात तेवढा झुकतच नाही, हसू नका). पुढचा बरा आहे. साइज पुढं ११०/७० आर१७, मागं १५०/६० आर१७.

जानेवारीत कोइंबतूरला कारी मोटर स्पीडवेवर दोन दिवसांच्या ट्रॅक स्कूलला नाव घातलंय. आयुष्यात पहिल्यांदा. बेत असा की नवी जोडी घालायची, त्याच जोडीवर पुण्याहून कोइंबतूर गाठायचं, दोन दिवस ट्रॅक, परत पुणे, आणि पुढं तेच टायर ऑफिसला. यादीत पिरेली डायब्लो रोसो ४, मेटझेलर एम९आरआर आणि टीव्हीएस युरोग्रिपचा प्रोटॉर्क एक्स्ट्रीम आहेत. एक मित्र म्हणतो सुपरकोर्साच (पिरेलीचा ट्रॅकचा टायर) घाल, ट्रॅक म्हणजे ट्रॅक. बजेट वीस-बावीस हजार, थोडं ताणेन. घरी आकडा वेगळा सांगितलाय.

शून्य_ते_शंभर

सुपरकोर्सा एसपी. ३९०च्या साइजमध्ये येतो. टायरवर पैसे वाचवणारे नंतर फेअरिंगवर (गाडीच्या प्लॅस्टिकच्या आवरणावर) घालवतात. विषय संपला.

घाटमाथा

संपला कसला, आत्ता कुठं सुरू झाला.

भावा, मी केलेला गाढवपणा सांगतो. साताऱ्याहून चेन्नईच्या ट्रॅकला गेलो होतो, इरुंगाट्टुकोट्टैला. हायवे ४८ धरला की थेट ट्रॅकच्या दारात, त्यामुळं टेम्पोबिंपो कशाला म्हटलं, चालवतच जाऊ. निघायच्या आधी चांगला महागडा, मऊ, चिकट टायर टाकला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष तिचा नव्हताच. बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बंगळुरू, सगळा सरळसोट रस्ता, शंभर-एकशे दहाचा वेग, मागं बॅग बांधलेली. वेल्लोरच्या आसपास चहाला थांबलो आणि टायरवरून हात फिरवला तर मधला भाग पोळपाटासारखा सपाट. गोलाई गेली. कडेला जिथं सपाटी संपते तिथं बोटाला चक्क धार लागत होती.

दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर काय झालं ते ऐक. गाडी वळणात झोपवायला घेतली की आधी काहीच होईना, आणि मग एकदम पायरीवरून पाय सटकल्यासारखी धपकन आत पडायची. प्रत्येक वळणात. तीन पॉइंट सात किलोमीटरच्या ट्रॅकवर लॅपभर तेच. पडलो नाही, पण दोन दिवस हातात हँडल आणि तोंडात देव. जे रबर वळणासाठी घेतलं ते तसंच कोरं घेऊन घरी आलो, आणि जे झिजलं ते दावणगेऱ्याच्या टोलनाक्यांमध्ये.

तेव्हा तुझा प्रश्न टायरचा नाहीच. बाराशे किलोमीटर जायचं कसं, हा आहे.

सीमाभाग

घाटमाथाला +१. बेळगावात चहाला थांबला असतात तर आम्हीच सांगितलं असतं.

आमच्याकडं चौघं मिळून टेम्पो करतात. गाड्या स्टँडवर, पुढं दोन पट्टे, मागं दोन पट्टे, फोर्क (पुढचा शॉकअब) फार दाबायचा नाही. स्वतः रात्रीच्या बसनं. चौघांत भाडं विभागलं की टायरची झीज आणि पेट्रोल धरता फार अंतर राहत नाही.

तिसरा_गिअर

घाटमाथा, डोळे उघडले. पण मग टेम्पोनं गेलो तर सुपरकोर्सा घालायला काय हरकत?

रबरी_काका

हरकत सांगतो. टायर कारखान्यात सत्तावीस वर्षं काढली, बराच काळ मिक्सिंग खात्यात. बॅनबरीतून (रबर मळायच्या यंत्रातून) पडणाऱ्या गरम काळ्या गोळ्याचा वास अजून नाकात आहे. निवृत्तीनंतर कोणी विचारत नाही, म्हणून इथं लांब लिहितो, चालवून घ्या.

रबर रस्त्याला धरतं ते नुसतं चिकटून नाही. डांबरात खडीची टोकं असतात. गाडीच्या वजनानं रबर त्या टोकांभोवती दबतं, आत शिरतं, आणि पुढं सरकताना लगेच मूळ आकारात परतत नाही, थोडं रेंगाळतं. त्या रेंगाळण्यात शक्ती खर्च होते, तीच तुमची पकड. आता हे रेंगाळणं किती, ते तापमानावर. थंड रबर कडक, खडीभोवती बसतच नाही. बेतानं तापलं की मऊ होतं आणि काम करतं. त्याहून तापलं की लोण्यासारखं होऊन वरचा थर खरवडून निघतो.

रेसचं कंपाउंड (रबराचं मिश्रण) असं बांधलेलं असतं की ते ऐंशी-नव्वद अंशांच्या पुढं खुशीत येतं. म्हणून पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यात) टायरना विजेच्या गोधड्या गुंडाळतात. सुपरकोर्सात एसपी आणि एससी असे दोन प्रकार आहेत. एससी हा रेसचा, त्यातही आकडा जितका लहान तितका मऊ, म्हणजे एससी१ हा एससी२ पेक्षा मऊ. एसपी रस्त्यासाठी आहे, पण मन त्याचं ट्रॅकवर. तो सकाळी साडेआठला हिंजवडीच्या सिग्नलला कधी तापणार? दीडशे किलोची गाडी, दर दोनशे मीटरवर थांबायचं, आणि त्यातून जुलैचा पाऊस. न तापलेला महागडा टायर तापलेल्या साध्या टायरपेक्षा वाईट धरतो.

रोसो ४, एम९आरआर हे मधले. त्यांत सिलिका भरपूर असते. आमच्या तरुणपणी रबरात भर म्हणजे कार्बन ब्लॅकच (काजळी). सिलिकानं हा फायदा झाला की रबर कमी तापमानाला आणि ओल्यातही काम करू लागलं. शिवाय मागच्या टायरात मधला पट्टा कडक आणि दोन्ही बाजू मऊ, अशी दोन कंपाउंडं आता सर्रास येतात. घाटमाथांच्या सपाटीवर तोच उतारा, पण उतारा म्हणजे अमृत नव्हे.

शेरी घ्यायला सुरुवात करणाऱ्यानं थेट देशी घेऊ नये, एवढंच म्हणतो.

घाटमाथा

काका _/\_ शेवटच्या वाक्यासाठी वेगळं दंडवत.

शून्य_ते_शंभर

काका, थिअरी मान्य. पण मी दोन वर्षं ट्रॅकचा टायर रस्त्यावर वापरतोय, एकदाही पडलो नाही.

रबरी_काका

अभिनंदन. आमच्या आळीत एक जण चाळीस वर्षं रोज तंबाखू खाऊनही ठणठणीत होता.

काळी_माती

नाशिकहून हजेरी. माझी यामाहा आर१५ व्ही४, त्यामुळं इथल्या ३९०वाल्यांनी नाक मुरडलं तरी चालेल.

मी गेल्या वर्षी कोल्हापूरला मोहित्यांच्या ट्रॅकवर एक दिवस गेले होते, कंपनीनं दिलेल्याच टायरांवर. शिकवणाऱ्या दादांनी जेवणाच्या सुट्टीत गाडीपाशी उकिडवं बसून टायरच्या कडेला बोट लावलं आणि म्हणाले, हा दोन बोटांचा पट्टा अजून रस्त्याला लागलाच नाही, नवा टायर कशाला शोधताय? संध्याकाळपर्यंत दोनाचं एक बोट झालं. तिसरा_गिअर, तुमचा बोटभर पट्टा बघून ते आठवलं.

आता खरी गोष्ट. टायर कुठला घेता त्याच्याइतकंच तो बसवतो कोण ते बघा. मी मागचा टायर बदलायला एका दुकानात गेले. दुकानाचं नाव नको. पोरानं टॉमी घालून रिमच्या कडेला दोन ओरखडे आणले, ते सोसलं. मग चाक गाडीत टाकलं तर टायरवरचा बाण उलटा. मी दाखवला. तो म्हणे, "मॅडम, गोल आहे, कुठूनही फिरतो." पुन्हा काढायला लावला. बाण उलटा असेल तर पाणी बाहेर फेकणाऱ्या खाचा उलट्या पडतात आणि आतल्या थरांचे जोडही ओढीच्या विरुद्ध येतात, हे मला माहीत होतं म्हणून बरं. तुमच्यातल्या किती जणांनी बसवल्यावर बाण बघितलाय?

सीमाभाग

आत्ता पार्किंगमध्ये जाऊन बघून आलो. बरोबर आहे. धाकधूक झाली होती.

एकच_ब्रेक

अजून एक: पुढं बायस (आतले धाग्यांचे थर तिरके) आणि मागं रेडियल (थर आडवे) कधीही घालू नका. दोघांचं वळण वेगळं, गाडी डुलते.

काळी_माती

माझ्या आर१५ला कंपनीनंच पुढं १००/८०-१७ बायस आणि मागं १४०/७० आर१७ रेडियल दिलाय. डुलत नाही.

रबरी_काका

दोघंही बरोबर. कंपनीनं ती जोडी फ्रेम, सस्पेन्शन सगळं धरून तपासलेली असते. आपण मनानं मिसळलं तर ती तपासणी आपल्या पाठीवर होते. आणि बायस पुढं, रेडियल मागं हे एकवेळ चालतं. उलटं करू नये.

असंच दुसरं खूळ रुंदीचं. ३९०च्या मागच्या चार इंची रिमवर लोक १६० चढवतात. मागून बघायला भारी दिसतं. पण अरुंद रिमवर रुंद टायर चिमटतो, त्याचा माथा टोकदार होतो, आणि गाडी वळायला जड. १५०च ठेवा.

बाजूच्या अक्षरांचाही बाऊ नको. डब्ल्यू म्हणजे २७० किमी वेगापर्यंत, एच म्हणजे २१०. ३९०ला एचसुद्धा पुरून उरतो. ६६ हा भारांक म्हणजे ३०० किलो. तिथं अडत नाही. बघायचा तो चार आकडी शिक्का: २३२५ असेल तर २०२५ सालचा तेविसावा आठवडा. रबर कपाटात ठेवलं तरी म्हातारं होतं.

बिलपावती

शिक्क्यावरून आठवलं, पदरचा अनुभव. एका दुकानानं "फ्रेश स्टॉक सर" म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला टायर दिला. घरी येऊन कागद फाडला तर चार वर्षांपूर्वीचा आठवडा. परत घ्यायला नाही म्हणाले. तेव्हापासून मी पैसे द्यायच्या आधी मोबाइलचा दिवा लावून शिक्का वाचतो, दुकानदार कितीही तोंड वाकडं करो.

हे का होतं? १२ जून २०२०ला केंद्रानं बऱ्याच टायरांची आयात खुल्या यादीतून काढून परवान्याखाली टाकली, त्यात मोटरसायकलचेही आले. त्याआधीपासून बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का तर लागतोच. त्यामुळं बाहेरचा नेमका साइज आज आहे, उद्या नाही. ज्याच्याकडं जुना पडून आहे तो सोन्याच्या भावानं काढतो. फायदा एवढाच झाला की देशी कंपन्या मोठ्या गाड्यांच्या रेडियलमध्ये नेटानं उतरल्या: युरोग्रिप, अपोलोचा अल्फा एच१, सिएटचा स्पोर्टरॅड, एमआरएफचा स्टील ब्रेस. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. जुन्या दरानं भाव सांगणाऱ्याला हे ऐकवा.

लेस्टरवासी

साता समुद्रापलीकडून वाचतोय. इथं माझ्या घरापासून डॉनिंग्टन पार्क अर्ध्या तासावर, म्हणून दोन शब्द.

काका तापमानाचं म्हणाले त्याला इथला दाखला. डॉनिंग्टनला सुरुवातीला रेडगेट उजवं, पुढं हॉलिवुड उजवं, आणि मग क्रेनरच्या उतारावर पहिलं मोठं डावं वळण. म्हणजे उजवी बाजू तापते, डावी गारच. मार्चमध्ये हवा पाच-सहा अंश. तिथं पहिल्याच फेरीत टायरवर विसंबून डावीकडं झोपलेले गडी मी गवतात बघितलेत, भारीतले टायर घातलेले. तुम्हाला जानेवारीत कोइंबतूरला गारठ्याची भीती नाही, उलटी असेल. पण पहिल्या दोन फेऱ्या दोन्ही कुशी तापवायला द्या. एका बाजूला तापला म्हणजे टायर तापला असं नसतं.

आणि इथं कायदा एक मिलिमीटर खोलीचा, तुमच्याकडं?

बिलपावती

केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुचाकीला किमान ०.८ मिमी. पण आपल्याकडं तो आकडा पोलिसापेक्षा पहिला पाऊसच जास्त कडक तपासतो.

एकच_ब्रेक

पंक्चरचं काय? माझ्या मागच्या टायरात पंक्चर बुजवलेल्या दोन दोऱ्या आहेत. ट्रॅकवर नेऊ का?

घाटमाथा

नको.

शून्य_ते_शंभर

इथं मी घाटमाथाशी सहमत. इतिहासात नोंद करा.

रबरी_काका

दोरी म्हणजे घरी पोचायची सोय. आतून मश्रूम पॅच (छत्रीसारखं ठिगळ) लावलेला एक बारीक भोक, तेही मधल्या पट्ट्यात, रस्त्यावर चालतं. ट्रॅकवर ब्रेक लागतात तेव्हा टायरचं सगळं अंग मुरडतं, दोरी तिथं पाहुणी.

आता हवेवर कोणीच बोलत नाहीये. सगळे कंपनीवर भांडताय. तिसरा_गिअर, तू हवा किती ठेवतोस आणि कधी मोजतोस?

तिसरा_गिअर

पेट्रोल पंपावर, आठवण आली की. ३२-३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) सांगतो. पुस्तकात बहुधा २९ आहे.

रबरी_काका

पंपापर्यंत पोचेस्तोवर टायर तापलेला, आणि पंपाचं मीटर रामभरोसे. स्वतःचं गेज घे. सकाळी, गाडी उभी असताना, सावलीत मोज. ट्रॅकवर तेच गेज, दरवेळी पिटमध्ये आल्याआल्या. हवा तापली की फुगते, ती किती फुगली यावरून टायर आतून किती तापला ते कळतं. आकडे लिहून आण, मी हिशेब करून देतो.

सीमाभाग

नायट्रोजन भरला तर?

रबरी_काका

साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच आहे. फरक पडतो तो हवेतल्या ओलीचा. पंपाची टाकी ओली असेल तर तापल्यावर आकडे वेडेवाकडे वाढतात. कोरडी हवा मिळाली की झालं. पन्नास रुपये वाचव, वडापाव खा.

एकच_ब्रेक

मोटोजीपीतही (मोटरसायकलच्या जागतिक रेसमध्ये) हवेवरूनच दंड होतात ना? बुरीरामला २०२५च्या पहिल्या रेसला मार्क मार्केझ पुढं असताना मुद्दाम धाकट्या भावाच्या, ॲलेक्सच्या, मागं गेला होता.

लेस्टरवासी

हो, थायलंडला. पुढच्या टायरात किमान १.८ बार लागतात, रेसच्या ठरावीक फेऱ्यांत त्याखाली राहिलं तर १६ सेकंदांचा दंड. एकटं पुढं पळताना पुढच्या चाकाला गार वारा मिळतो, हवा आक्रसते. तो ॲलेक्सच्या मागं, त्याच्या गाडीच्या गरम हवेत जाऊन बसला, प्रेशर वर आलं, आणि शेवटच्या तीन फेऱ्या राहिल्यावर पुन्हा पुढं जाऊन जिंकला. १.८ बार म्हणजे साधारण २६ पीएसआय. जगातला सगळ्यात वेगवान माणूस अर्धा तास हवेचाच विचार करत होता.

तिसरा_गिअर

ठरलं. रोसो ४ची जोडी घेतली, शिक्का यंदाचाच, दिवा लावून वाचला. पुढचा जुना बरा होता तरी दोन्ही बदलले, एक नवा एक जुना नको वाटलं. बाण सरळ आहे. सीमाभागच्या सल्ल्यानं टेम्पो: मी, हिंजवडीचे दोन सहकारी आणि पिंपरीचा एक जण. गेज घेतलं. परत येऊन लिहितो.

रबरी_काका

नवा टायर साच्यातून गुळगुळीत निघतो, वरची कातडी घासली गेली पाहिजे. जाण्याआधी शंभरेक किलोमीटर निवांत मार, हळूहळू झुकाव वाढव. सँडपेपर, रॉकेल असलं काही लावू नकोस.

तिसरा_गिअर

आलो. सगळे अवयव जागेवर. वृत्तान्त:

शुक्रवारी रात्री टायरांत पुढं-मागं २९-२९ थंड. शनिवारी सकाळी कारीला पहिलं सेशन पंधरा मिनिटांचं. दोन पॉइंट एक किलोमीटरचा ट्रॅक, वळणामागून वळण, श्वास घ्यायला सरळ रस्ता थोडाच. पहिल्या दोन फेऱ्या लेस्टरवासींचं ऐकलं, दोन्ही कुशी तापवल्या. नंतर मजा यायला लागली तेवढ्यात सेशन संपलं.

दुसऱ्या सेशनला ऊन चढलं होतं. पाचव्या-सहाव्या फेरीला वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल दिला की मागचं चाक किंचित बाहेर सरकायचं. मोठं काही नाही, कोणीतरी मागून शर्ट ओढल्यासारखं. मला वाटलं टायरची लायकी संपली. सुपरकोर्सा घ्यायला हवा होता, हेही मनात येऊन गेलं. पिटमध्ये येऊन गेज लावलं: मागं ३४.५. हाताला टायर इतका गरम की तळवा ठेवून पाच मोजता येईनात. कडेच्या रबरावर तिळाएवढ्या लोळ्या, अंघोळीला अंग चोळल्यावर मळ निघतो तशा, आणि त्याखालचा भाग निळसर चकाकणारा.

शिकवणाऱ्यांनी मागची हवा गरम असतानाच ३०वर आणायला सांगितली, पुढची ३१वर. तिसऱ्या सेशनला तोच टायर, तीच वळणं, आणि ते शर्ट ओढणं गायब. खरंच सांगतो, मला वाटलं गाडीच बदलली. लॅपटायमर नव्हता म्हणून आकडा देत नाही, पण ज्या वळणाला मी दुसऱ्या गिअरला धास्तावून जायचो तिथं तिसऱ्यात गेलो. टोपणनावाला जागलो.

एक चूक झाली. संध्याकाळी ट्रॅकवरून हॉटेलला गाडी चालवत गेलो, हवा परत भरायची विसरलो. रविवारी सकाळी मोजली तर मागं २५. हँडल जड का वाटत होतं ते कळलं.

काका, हिशेब?

रबरी_काका

शाब्बास, आकडे लिहून आणलेस. हे बघ. गेज दाखवतं त्यात बाहेरच्या हवेचा १४.७ धरायचा. थंड २९ म्हणजे खरे ४३.७, तेव्हा तापमान ३० अंश धरू, म्हणजे २७३ मिळवून केल्विनमध्ये ३०३. गरम ३४.५ म्हणजे खरे ४९.२. दाब वाढतो त्याच प्रमाणात केल्विनही, म्हणून भागाकार केला तर ३४१ केल्विन, म्हणजे ६८ अंश. ही आतल्या हवेची गोष्ट; बाहेरचं रबर त्याहून तापलेलं. हवा जास्त फुगली की टायर मधे फुगून रस्त्याला कमी टेकतो, सगळं काम थोड्या रबरावर पडतं, ते आणखी तापतं, लोण्याचा थर तिथून.

गरम असताना ३० केलीस, म्हणजे खरे ४४.७. रात्री ३० अंशांना परत आलं तेव्हा खरे ३९.७, त्यातून १४.७ वजा, बरोबर २५. तुझं गेज चांगलं आहे, कुठलं घेतलंस?

घाटमाथा

मी इथं टायर फेकून दिला असता आणि काकांनी तो भागाकारात वाचवला.

शून्य_ते_शंभर

काका, माझं ३८ होतं गरम. म्हणून घसरायचो काय?

रबरी_काका

एकदाही पडलो नाही म्हणाला होतास.

शून्य_ते_शंभर

घसरणं म्हणजे पडणं नव्हे.

काळी_माती

तिसरा_गिअर, बोटभर पट्ट्याचं काय झालं ते राहिलं की.

तिसरा_गिअर

उजवीकडं गेला. डावीकडं अजून नखाएवढा आहे. गेज साधंच आहे काका, काट्याचं. पिंपरीच्या पोराकडं डिजिटल होतं, ते माझ्यापेक्षा तीन पीएसआय जास्त दाखवायचं. दोन दिवस चौघांनी माझंच वापरलं, म्हणजे चुकलं तरी सगळ्यांचं सारखंच.

सीमाभाग

मार्चमध्ये पुन्हा टेम्पो भरतोय, बेळगावहून. तीन गाड्या झाल्यात, एक जागा आहे. काट्याचं गेज असणाऱ्याला प्राधान्य.